प्लेटची मागची बाजू

मस्तगडातलं माझं वर्कशॉप मी मागच्या वर्षी बंद केलं. गुडघे लेथसमोर उभे राहीनात आणि डोळ्यांना स्केलवरच्या रेघा दिसेनात. या अंकाचे संपादक आमच्याच गल्लीतले. ते म्हणाले, "मिस्तरी, तुमच्या त्या फिल्टरच्या प्लेटांवर लिहा. जालन्यात बसून असलं काम करणारा दुसरा कोण होता?" त्यांना गिऱ्हाइकांच्या गमती पाहिजे होत्या. मी हो म्हणालो ते वेगळ्या कारणानं. मला एक गोष्ट छापून आणायची आहे, आणि तिच्यासाठी दुसरी जागा मला माहीत नाही. ती गोष्ट समजायला आधी काम समजायला हवं, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

इंजिनाला पेट्रोल लागतं हे सगळ्यांना माहीत असतं. त्याहून कितीतरी जास्त त्याला हवा लागते, हे कुणाच्या ध्यानात येत नाही. हवेत धूळ असते. आमच्याकडची धूळ दोन प्रकारची, एक मुरुमाची आणि दुसरी कापसाची. कापसाचा बारीक केर फिल्टर बुजवतो. मुरुमाची धूळ आत गेली तर सिलिंडर खरवडून काढते. मोटारसायकलचं इंजिन मोटारसायकलमध्ये असतं तेव्हा या धुळीची काळजी कंपनीनं घेतलेली असते. टाकीखाली हवेचा एक डबा असतो आणि त्यात फिल्टर असतो.

पण काही हौशी माणसं तेच इंजिन काढून घरी बनवलेल्या छोट्या मोटारीत बसवतात. लोखंडी पाइपांची चौकट, चार चाकं, एक नाहीतर दोन बैठका, वर छप्पर नाही. अशा मोटारीत कंपनीचा डबा बसत नाही. मग इंजिनाची हवा घेणारी तोंडं, बहुतेक वेळा चार, उघडी पडतात. त्या चार तोंडांसमोर बसेल अशी अॅल्युमिनियमची एक चपटी प्लेट लागते. तिला चार भोकं, प्रत्येक भोकावर कर्ण्यासारखी एक छोटी नळी, आणि या सगळ्यावर फोमची टोपी. फोम म्हणजे फिल्टर. प्लेटच्या मागून रबरी नळ्या निघतात आणि इंजिनाच्या तोंडांना जोडल्या जातात. गाड्यांचं माप प्रत्येकाचं वेगळं, म्हणून प्लेट बाजारात तयार मिळत नाही. ती करावी लागते. ती मी करत होतो.

माझा मूळ धंदा हा नव्हता. सरकीच्या तेलघाण्यांचे शाफ्ट, पेरणीयंत्रांचे भाग, रोलिंग मिलची किरकोळ कामं, यावर घर चाललं. पहिली प्लेट आली ती औरंगाबादच्या एका दातांच्या डॉक्टरांकडून. त्यांनी स्वतः मोटार बनवली होती आणि ती सगळ्या बाबतीत उत्तम होती, फक्त वेग घेतला की ठसकायची. मी प्लेट करून दिली. डॉक्टर परत आले. "मिस्तरी, हिला खोकला झालाय." पुन्हा केली. पुन्हा आले. अकरा दिवस मी त्या इंजिनाच्या मागे होतो. शेवटी लक्षात आलं, की कार्बुरेटरला श्वास घ्यायच्या दोन बारीक नळ्या असतात, आणि त्या मी प्लेटच्या बाहेर वाऱ्यावर सोडल्या होत्या. इंजिन ज्या हवेत श्वास घेतं त्याच हवेत त्यांनीही घ्यायला हवा. प्लेटला दोन छोटी भोकं पाडली, त्या नळ्या फिल्टरच्या आत घेतल्या, खोकला गेला. डॉक्टरांनी माझ्या दाढेवर फुकट टोपी बसवून दिली. ती अजून आहे.

त्यांच्याकडून नाव पसरलं. परतूरकडचे एक जिनिंगवाले शेठ आले. त्यांना प्लेट पितळेची पाहिजे होती. मी म्हणालो, "शेठ, जड होईल. रबरी नळ्या वाकतील." ते म्हणाले, "वाकू द्या. देवघरातल्या समईसारखी दिसली पाहिजे." केली. महिन्याभरात नळ्या वाकल्या. शेठनी प्लेट काढून खरंच दिवाणखान्यात ठेवली आणि अॅल्युमिनियमची दुसरी करून नेली.

माप घ्यायची माझी पद्धत साधी होती. इंजिनाच्या तोंडांच्या कडांना काजळी आणि तेल लावायचं, आणि त्यावर जाड पुठ्ठा दाबायचा. चारही गोल उमटतात. पुठ्ठा म्हणजे लग्नाची पत्रिका. लग्नसराईत जाड, चांगल्या कागदाच्या पत्रिका येत, त्या मी जपून ठेवायचो. कित्येक जोडप्यांच्या नावांवर माझे चार चार गोल उमटलेले आहेत. आणि काम झाल्यावर तपासणी अशी, की प्लेटच्या आतल्या बाजूला ग्रीसचा पातळ हात द्यायचा, गाडी आडरानात मुरुमाच्या रस्त्यावर दहा-पंधरा किलोमीटर फिरवायची, मग फोम काढून ग्रीसवरून बोट फिरवायचं. बोटाला एक कण जरी लागला तरी प्लेट परत घ्यायची. याबाबतीत माझं बोट फार कडक होतं. ते सांगताना मला आजही बरं वाटतं, आणि मग पुढचं आठवतं.

आता स्क्रू. कर्ण्यासारख्या चार नळ्या प्लेटवर स्क्रूंनी बसतात. प्रत्येक नळीला तीन, म्हणजे एकूण बारा. त्यांची डोकी फिल्टरच्या आत, पुढच्या बाजूला. शेपट्या मागच्या बाजूला बाहेर निघालेल्या. मोटारसायकलचं इंजिन भयंकर थरथरतं, आणि थरथरीनं स्क्रू हळूहळू फिरत सैल होतो. आतला स्क्रू सुटला तर तो खाली पडत नाही. तो हवेबरोबर थेट इंजिनाच्या तोंडात ओढला जातो. म्हणून स्क्रू आवळल्यावर प्लेट उलटी करायची, आणि प्रत्येक शेपटीवर पंच ठेवून हातोडीचा ठोका मारायचा. आटे चेपतात. मग तो स्क्रू फिरूच शकत नाही. ठोका मारून झाला की प्लेट सुलटी करायची, आणि त्या स्क्रूच्या डोक्यावर काडेपेटीच्या काडीनं लाल ऑइलपेंटचा ठिपका द्यायचा. लाल ठिपका म्हणजे मागे ठोका मारला आहे. फोम काढला की गिऱ्हाइकाला बारा लाल ठिपके दिसायचे. ही माझी सही होती.

दहा-अकरा वर्षांपूर्वी इंजिनिअरिंग कॉलेजची पोरं माझ्याकडे आली. विद्यार्थ्यांनी बनवलेल्या मोटारींची स्पर्धा असते, तिच्यासाठी त्यांनी एका बैठकीची गाडी बांधली होती. इंजिन जुन्या बाजारातलं, चार सिलिंडरचं. इंजिनाची जबाबदारी होती सुवर्णा ढवळे या मुलीकडे. आष्टीची, शेतकऱ्याच्या घरातली, तिसऱ्या वर्षाला होती. गाडी चालवणार होता प्रणव, जालन्याचाच. तो बोलका, हसरा. सुवर्णा कमी बोलायची, पण बघायची फार.

पहिल्याच दिवशी तिनं मला विचारलं, "काका, ठोका मारल्यावर रंग कशाला? मागून दिसतोच की ठोका."

"मागची बाजू कोण बघतं बाई," मी म्हणालो. "इंजिनाला जोडल्यावर ती झाकून जाते. पुढून बघणाऱ्याला कळावं म्हणून रंग."

"पण मंग रंगावर विश्वास ठेवावा लागतो."

"माझ्यावर ठेवावा लागतो."

प्रणव म्हणाला, "हिचा कुणावरच न्हाई काका. मेसमध्ये पोळ्या मोजून घेती."

"तू माझ्या ताटातली उचलतो म्हणून," ती म्हणाली.

प्लेटचं काम नवरात्रात आलं. अष्टमीच्या संध्याकाळी मी नळ्या बसवल्या, बारा स्क्रू आवळले आणि ठोके मारायला बसलो. नऊ झाले. नवांवर रंगही दिला. तेवढ्यात वीज गेली. माझ्या वडिलांपासून आमच्याकडे एक शिरस्ता होता. खंडेनवमीला सकाळी हत्यारं धुऊन पुसून पूजेला मांडायची, आणि दसरा पार पडेपर्यंत एकाही हत्याराला हात लावायचा नाही. राहिलेलं काम एकादशीला. मी पंच, हातोडी पुसून ठेवली. तीन स्क्रू राहिले आहेत हे तेव्हा मला माहीत होतं.

नवमीला लेथ, ड्रिल, पाने, पंच, हातोड्या सगळं मांडलं. हातातलं अपुरं काम असेल तर तेही पूजेत ठेवायचं, हा सुद्धा वडिलांचाच शिरस्ता. प्लेट मध्यभागी ठेवली. सुलटी. मी स्वतः ओल्या कुंकवात बोट बुडवलं आणि एकेका वस्तूला लावत गेलो. प्लेटला एक बोट लावून भागलं असतं. पण ती बारा डोकी समोर होती, स्पर्धेच्या गाडीचं काम पहिलंच होतं, पोरांचं होतं. मी बाराही डोक्यांना लावलं.

दसऱ्याला दुपारी पोरं आली. हार, पेढे, कॉलेजची जीप. प्रणव म्हणाला, "काका, आजचा मुहूर्त आहे, आज प्लेट गाडीवर चढली पाहिजे." मी प्लेट उचलली. डोक्यांवर बारा लाल ठिपके. दिली.

मला विसर पडला होता, असं मी स्वतःला फार वर्षं सांगत आलो. ते खोटं नसावं. पण पूर्ण खरं आहे का, हे मला सांगता येत नाही. आठवलं असतं तर दसऱ्याच्या दिवशी हातोडी उचलावी लागली असती, नाहीतर पोरांना उद्या या म्हणावं लागलं असतं. प्लेट उलटी करून बघायला एक क्षण लागला असता. तो एक क्षण मी दिला नाही.

तीन आठवडे गाडी बरी चालली. मग एका रविवारी औद्योगिक वसाहतीच्या मागच्या मोकळ्या रस्त्यावर मोठी चाचणी ठेवली. मलाही बोलावलं होतं. मी पोचलो तेव्हा सुवर्णानं फोम रॉकेलनं धुऊन, वाळवून, तेल लावून नुकताच परत बसवला होता. ती माझ्याकडे आली.

"काका, तीन स्क्रूंवरचा रंग उडालाय."

"उडू दे. रंगावर गाडी चालत न्हाई."

"बाकी नवांवरचा पक्का आहे. तीनवरचाच कसा गेला?"

"हात लावून बघितला का? घट्ट आहेत?"

"घट्ट आहेत."

"मंग झालं की."

मी चहाच्या टपरीकडे वळलो. हे संभाषण जसं झालं तसं मी लिहिलं आहे. त्यातला एकही शब्द मी विसरलेलो नाही.

चौथ्या फेरीला प्रणवनं वळणावर पाय उचलला तरी गाडीचा आवाज उतरला नाही. इंजिनाच्या प्रत्येक तोंडात नाण्याएवढी गोल झडप असते. पाय उचलला की ती बंद होते. एका तोंडातली झडप उघडीच अडकली होती, आणि चारही झडपा एकाच दांडीवर असल्यानं सगळ्याच अडकल्या. प्रणवनं बटण दाबून इंजिन बंद केलं, पण तोवर वळण संपलं होतं. गाडी मुरुमाच्या ढिगावर चढली आणि कुशीवर पडली. तो वाचला. त्याचा उजवा गुडघा मात्र कायमचा गेला. आजही तो पाय पूर्ण वाकत नाही.

त्याला दवाखान्यात नेल्यावर आम्ही इंजिन उघडायला घेतलं. मी रबरी नळ्यांच्या क्लिपा सैल केल्या आणि फोमसकट अख्खी प्लेट एकदम उचलली. मागे उघड्या पडलेल्या तिसऱ्या तोंडात, झडपेच्या कडेला एक छोटा स्क्रू अडकलेला सगळ्यांनी पाहिला. कॉलेजच्या सरांनी तो चिमट्यानं काढला. तसले स्क्रू त्या गाडीवर पन्नास ठिकाणी होते. पोरांच्या ट्रेमध्ये डबाभर होते.

कुणीतरी म्हणालं, "सकाळी फिल्टर कुणी उघडला होता?"

प्लेट माझ्या हातात होती. फोम अजून तिच्यावर होता. मी ती पिशवीत घातली. सर म्हणाले, "मिस्तरी, उद्या घेऊन या, बघू." मी बरं म्हणालो.

घरी येऊन वर्कशॉपचं दार लोटलं आणि फोम काढला. तिसऱ्या नळीला दोनच स्क्रू होते. प्लेट उलटी केली. नऊ शेपट्यांवर ठोके. दोन कोऱ्या. एक भोक रिकामं. त्या दोन स्क्रूंची डोकी मी पेट्रोलच्या बोळ्यानं पुसली. खाचेत जरासं काहीतरी लाल होतं. ऑइलपेंट पेट्रोलनं असा सहज निघत नाही. हे सुटून आलं. बोळा लाल झाला. तेव्हा मला नवमी आठवली, ओलं कुंकू आठवलं, सगळं आठवलं.

मग मी जे केलं ते असं. डब्यातून तसलाच एक स्क्रू काढला. रिकाम्या भोकात आवळला. प्लेट उलटी करून तिघांवर ठोके मारले. घाई केली. तीनही ठोके तिरपे बसले. सुलटी करून तिन्ही डोक्यांवर रंग दिला, आणि नवा-जुना दिसू नये म्हणून त्यावर बोटानं तेलकट धूळ चोळली. पत्नी चहा घेऊन दारात आली.

"काय करून राह्यले?"

"रंग लावून राह्यलो."

"त्या पोराचं कसं आहे?"

"बरं आहे."

दुसऱ्या दिवशी सरांच्या खोलीत टेबलावर प्लेट ठेवली, डोकी वर. आठ-दहा जण होते. सरांनी मला विचारलं, "मिस्तरी, स्क्रू तुमच्या प्लेटचा असू शकतो का?"

मी म्हणालो, "माझे स्क्रू ठोकलेले असतात सर. ते सुटत न्हाईत."

सुवर्णा म्हणाली, "सर, तीन स्क्रूंवर रंग नव्हता. मी काल सकाळी बघितलं."

सरांनी प्लेट तिच्याकडे सरकवली. "मोज."

तिनं एकेका डोक्यावर बोट ठेवत मोजलं. बारा. तिनं पुन्हा मोजलं. मग तिनं माझ्याकडे पाहिलं. काल तिनं मला हे सांगितलं होतं, ही गोष्ट त्या खोलीत फक्त आम्हा दोघांना माहीत होती. ती तिनं स्वतःहून सांगितली नाही. मी सांगेन म्हणून ती थांबली होती. मी खिडकीबाहेर पाहिलं.

सर शांतपणे म्हणाले, "सुवर्णा, चूक होते. पण खोटं नको." ते वाईट गृहस्थ नव्हते. समोर जे दिसलं त्यावरून ते बोलले. प्लेट कुणीही उलटी करून पाहिली नाही. पाहिली असती तर नऊ ठोके सरळ आणि तीन तिरपे दिसले असते.

फिल्टर उघडताना ती ट्रेमधला स्क्रू आत विसरली, असं ठरलं आणि तिला टीममधून काढलं. पुढचं वर्ष तिनं कसंबसं पूर्ण केलं आणि इंजिनांकडे पाठ फिरवली, एवढं कानावर आलं. मी त्यानंतरच्या सगळ्या प्लेटांना स्क्रू उलटे घालायला लागलो, म्हणजे मागून, शेपटी आत आणि डोकं बाहेर. सैल झालाच तर बाहेर पडेल, आत नाही. कुणी विचारलं तर "असंच बरं असतं" म्हणायचो. खंडेनवमीला अपुरं काम पूजेत ठेवणंही बंद केलं. याचं कारण कुणाला सांगितलं नाही. ती जुनी प्लेट कॉलेजनं परत मागितली नाही. मी ती टाकलीही नाही. वितळवायला द्यायचं दोनदा ठरवलं आणि दोनदा परत आणून फळीवर ठेवली.

असाच मेलो असतो कदाचित. मागच्या वर्षी त्याच कॉलेजची नवी पोरं माझा लेथ विकत घ्यायला आली. लेथ सोडवून टेम्पोत चढवायचं काम चाललं होतं. एक पोरगा सुटे स्क्रू डब्यात टाकत होता. दुसरा त्याला म्हणाला, "नीट मोज रे. सुवर्णाचा स्क्रू राहायला नको."

मी विचारलं, "काय म्हणाला?"

"काय न्हाई काका. आमच्या वर्कशॉपमधी म्हणतेत तसं. काही आत विसरलं की सुवर्णाचा स्क्रू."

"सुवर्णा कोण?"

"काय माहीत. असंल कुणी जुनी."

त्यांना ती माहीत नव्हती, पण तिचं नाव माहीत होतं, आणि ते कशासाठी वापरायचं हेही. मी तेल लागलेले हात धुतले आणि बराच वेळ पायरीवर बसलो.

तिचा पत्ता काढायला वेळ लागला नाही. स्पर्धा परीक्षा देऊन ती सरकारी नोकरीत लागली होती, आणि घनसावंगीला कचेरीत होती. प्लेट वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीत घातली आणि अंबडवरून जीपनं गेलो. दाटीवाटीत पिशवी मांडीवर होती. शेजारचा माणूस म्हणाला, "बाबा, पिशवी खाली ठेवा की." मी ठेवली नाही.

तिनं मला लगेच ओळखलं. उठून उभी राहिली, खुर्ची दिली, पाणी मागवलं. अंगानं भरली होती, चष्मा होता. टेबलावर कागदांचे गठ्ठे, प्रत्येकावर एक चिठ्ठी आणि चिठ्ठीवर बरोबरच्या तीन-तीन खुणा. मी बोलायची तयारी करून गेलो होतो. ती सगळी विसरलो. प्लेट काढली आणि तिच्यासमोर उलटी ठेवली.

तिनं चष्मा वर केला आणि वाकून पाहिलं. एकेका शेपटीवरून बोट फिरवलं. तिसऱ्या नळीपाशी बोट थांबलं.

"तीनच होते ना, काका?"

"तीनच होते."

"रंग नव्हता ना?"

"नव्हता. कुंकू होतं. उडून गेल्तं."

मग मी सगळं सांगितलं. नवमी, दसरा, बोळा, नवा स्क्रू. शिपाई चहा ठेवून गेला. तो तसाच गार झाला.

शेवटी ती म्हणाली, "हे बघा." तिनं एका गठ्ठ्यावरच्या खुणा दाखवल्या. "प्रत्येक कागद मी तीनदा बघते. लोक म्हणतात मॅडम लई बारकाईनं काम करतात. बारकाई न्हाई ती. माझ्या डोळ्यांना दिसलं ते खरं आहे का, हे मला एकदा बघून कळतच न्हाई. घरून निघताना गॅस बंद केला का बघायला दोनदा परत जाते. मालक हसतात. मी त्या दिवशी बारा मोजले काका. माझ्या बोटानं मोजले."

मी म्हणालो, "तुझे डोळे बराबर होते."

"ते आता सांगून राह्यले तुम्ही." तिचा आवाज चढला नव्हता. "आई वारली माझी मागल्या साली. तिला शेवटपर्यंत वाटायचं, माझ्या पोरीच्या हातून त्या पोराचा पाय गेला. पोळा असो, पंचमी असो, प्रणवच्या नावानं नारळ फोडायची."

मी हात जोडले. तिनं ते पाहिलं आणि नजर बाजूला घेतली.

"माझी माफी मागू नका. मला सांगून काय होणार? त्या खोलीत मी एकटी नव्हते. जिथं माझं नाव घेतेत, तिथं सांगा. लिहून सांगा. आणि 'एक विद्यार्थिनी' असं लिहू नका. माझं पूर्ण नाव लिहा. ते पोरं नाव घेतातच ना? मंग पूर्ण घेऊ द्या."

मी विचारलं, "प्लेट ठेवू का तुझ्याकडे?"

"मी काय करू? कॉलेजात द्या. वर्कशॉपमधी टांगायला सांगा." तिनं प्लेट माझ्याकडे सरकवली. "उलटी टांगा. मागची बाजू दिसली पाहिजे."

निघताना ती दारापर्यंत आली. जीप कुठून मिळते ते सांगितलं, उन्हाचं जपून जा म्हणाली. क्षमा केली असं ती म्हणाली नाही, आणि ती मागायचा मला हक्क नव्हता.

परत आल्यावर प्रणवला फोन केला. त्याला सगळं सांगितलं. मग तो म्हणाला, "काका, दवाखान्यात ती मला भेटायला आल्ती. मी तोंड भिंतीकडे केलं होतं." नंतर त्यानं तिचा नंबर मागितला. तिला विचारून मी दिला. पुढे काय झालं ते मला माहीत नाही, आणि ते मला माहीत असण्याचं कारणही नाही.

सर निवृत्त झाले आहेत. त्यांच्या घरी जाऊन सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले, "मी प्लेट उलटी करायला पाहिजे होती." मी म्हणालो, ते तुमचं काम नव्हतं, माझं होतं.

आता ज्यासाठी हा लेख लिहिला ते लिहितो. सुवर्णा रामराव ढवळे, राहणार आष्टी, तालुका परतूर, हिनं चाचणीच्या दिवशी फिल्टर उघडला, धुतला आणि बरोबर बसवला. आत ती काहीही विसरली नव्हती. तीन स्क्रूंवर रंग नाही हे तिनं पाहिलं, आणि गाडी सुटायच्या आधी मला सांगितलं. जो स्क्रू झडपेत अडकला तो माझा होता. त्याला ठोका मारायचं माझ्या हातून राहिलं, आणि ते मी नंतर लपवलं.

प्लेट कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये, माझ्याच लेथच्या वरच्या भिंतीवर लावली आहे. मी स्वतः जाऊन लावली. दोन खिळे मारले, प्लेट उलटी टांगली आणि मागे सरून पाहिलं. नऊ ठोके सरळ आहेत, तीन तिरपे. आता माझ्या डोळ्यांनासुद्धा ते दारातून दिसतात.